किलोला ०.०५ मिलिग्रॅम: नाशिकच्या द्राक्षांचं २०१० सालचं प्रकरण

एप्रिल २०१०. नाशिक जिल्ह्यातला द्राक्षाचा हंगाम उतरणीला लागला होता. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागांतला निर्यातीचा माल निघून गेला होता. बरेच कंटेनर युरोपात पोचले होते, काही अजून समुद्रात होते. त्याच सुमाराला युरोपातल्या प्रयोगशाळांकडून निरोप आला, की भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या फवारणीच्या रसायनाचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडताहेत. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनरमध्ये १२ टन माल धरला, तर अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून ०.६ ग्रॅम. खरेदीदारांनी हात आखडते घेतले, माल बंदरांत अडकून पडला आणि ज्या बागायतदाराने वर्षभर राबून घड पिकवला त्याला, आपल्या हातून नेमकं काय चुकलं, हेही लगेच कळेना.

जागतिकीकरणाच्या बाजूने आणि विरोधात आपल्याकडे १९९१ पासून भरपूर बोललं गेलं आहे. हे एकच प्रकरण घेतलं तर दोन्ही बाजूंना आपापले पुरावे त्यात सापडतात. म्हणूनच ते नीट उलगडून बघायला हवं. कोण बरोबर याचा निकाल लावण्याआधी साखळीत कोण कुठे उभा होता, हे बघणं जास्त उपयोगाचं आहे.

युरोपापर्यंतची वाट

नाशिकची द्राक्षं युरोपात एका रात्रीत गेली नाहीत. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली. राज्याच्या कृषी पणन मंडळाचं पाठबळ तिला होतं. सुरुवातीच्या वर्षांत माल नाकारला जाण्याचे कडू अनुभव आले. मग प्रीकूलिंग, शीतगृह, मण्याचा आकार, साखरेचं प्रमाण, पेटीतली मांडणी हे सगळं शिकणं आलं. घड काढल्यापासून काही तासांत त्याची उष्णता काढून घेतली नाही, तर तीन आठवड्यांच्या समुद्रप्रवासात देठ वाळतो, ही गोष्ट शेतकऱ्यांनी नुकसान सोसूनच शिकली.

याचा फायदा खरोखर झाला. देवेश रॉय आणि अमित थोरात यांनी २००८ मध्ये महाग्रेप्सवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. संस्थेमार्फत निर्यात करणाऱ्या शेतकऱ्यांचं उत्पन्न देशी बाजारात विकणाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त असल्याचं त्यात दिसलं. पिंपळगाव बसवंत, उगाव, मोहाडीच्या पट्ट्यात फिरणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. ठिबक, शेततळं, पक्कं घर, मुलांची इंजिनीअरिंगची फी यांत द्राक्षाचा पैसा दिसतो.

अंशांचा प्रश्नही २०१० मध्ये पहिल्यांदा आला नव्हता. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि देशाने धडा घेतला. अपेडा (शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून अंश तपासणीची राष्ट्रीय योजना उभी केली. निर्यातीची बाग कृषी विभागाकडे नोंदवायची, काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने नमुना घ्यायचा, पास झाला तरच माल पॅकहाऊसला जायचा. २००६ पासून हे सगळं ‘ग्रेपनेट’ या संगणक प्रणालीवर आलं. युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून नाशिकच्या नेमक्या प्लॉटपर्यंत मागे जाता येईल, अशी ती व्यवस्था होती. भारतात दुसऱ्या कुठल्या फळाला तेव्हा असं काही नव्हतं. म्हणजे २०१० मध्ये अडकलेला माल बेफिकिरीने पाठवलेला नव्हता. त्याच्याकडे आपल्याच सरकारने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचा ‘पास’चा दाखला होता.

मग घात कुठे झाला?

क्लोरमेक्वॅट क्लोराइड, बागायतदारांच्या भाषेत सीसीसी किंवा लिहोसीन. ते कीटकनाशक नाही, वाढ रोखणारं संजीवक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीला नवे फुटवे येतात. ते नुसतेच पळत सुटले तर काडीत घड तयार होत नाही. म्हणून पाच-सहा पानांवर असताना सीसीसी मारायचं, शेंड्याचा जोर थांबवायचा, म्हणजे काडी जाड होते आणि डोळ्यात घड बसतो. पुढे ऑक्टोबरमध्ये गोड्या बहराची छाटणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. एप्रिलची फवारणी आणि पुढच्या वर्षीचा पिकलेला मणी यांच्यात जवळजवळ दहा महिने जातात. इतक्या आधी मारलेलं औषध फळात कशाला उरेल, असं कोणालाही वाटेल. पण हे रसायन झाडाच्या लाकडात टिकून राहतं आणि पुढच्या वाढीत रसाबरोबर वर चढतं. युरोपात पेअरच्या बागांत हाच अनुभव आला होता. वापर थांबवल्यावरही अंश सापडत राहिले.

मग आपल्या प्रयोगशाळांना ते का दिसलं नाही? तपासणीच्या यादीत सीसीसी नव्हतंच. प्रयोगशाळा एका नमुन्यात शंभराहून जास्त रसायनं एकदम शोधते, पण त्या एकत्रित पद्धतीत सीसीसी हाती लागत नाही. ते पाण्यात सहज विरघळणारं, विद्युतभारित रसायन आहे. त्याच्यासाठी वेगळी चाचणी लावावी लागते. यादीत नाव नाही म्हणून चाचणी नाही, आणि चाचणी नाही म्हणून दाखला स्वच्छ. आधीच्या हंगामांतल्या द्राक्षांतही ते असणारच, फक्त तोवर कोणी शोधलं नव्हतं.

युरोपातही मधल्या काळात बदल झाला होता. १ सप्टेंबर २००८ पासून युरोपीय संघातल्या सगळ्या देशांना अंशांच्या एकसारख्या मर्यादा लागू झाल्या. त्याआधी बऱ्याच रसायनांच्या बाबतीत देशागणिक वेगवेगळे आकडे होते. बाग, औषध, फवारणीचं वेळापत्रक काहीच बदललं नव्हतं, पण ज्या चौकटीत ते मोजलं जायचं ती बदलली होती. हा बदल ब्रुसेल्सच्या राजपत्रात छापलेला होता, लपवलेला नव्हता. निफाडच्या बांधापर्यंत तो आला नाही, एवढंच. राजपत्र आणि बांध यांच्यामध्ये आयातदार, निर्यातदार, अपेडा, संशोधन केंद्र, कृषी विभाग आणि औषध दुकानदार असे सगळे होते. त्यांच्यापैकी प्रत्येकाला शेतकऱ्यापेक्षा जास्त माहिती मिळवता येत होती. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

०.०५ हा आकडा कशाचा?

ही मर्यादा म्हणजे विषबाधेची रेषा, असा समज तेव्हाही झाला आणि आजही आहे. ते खरं नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या रसायनाचं रोज चालेल असं प्रमाण माणसाच्या वजनाच्या किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम धरलं आहे. ६० किलोच्या माणसाला ते दिवसाला २.४ मिलिग्रॅम होतं. मर्यादेइतकाच अंश असलेली द्राक्षं असतील तर त्यासाठी ४८ किलो खावी लागतील. अर्थात सापडलेले अंश मर्यादेच्या वर होते आणि लहान मुलांचा हिशेब निराळा असतो. त्यामुळे ‘काही धोका नव्हताच’ असं म्हणून मी मोकळा होणार नाही. पण ०.०५ हा आकडा आला तो प्रयोगशाळेत खात्रीने मोजता येण्याच्या खालच्या टोकावरून. द्राक्षावर या रसायनाचा वापर युरोपात मान्य नाही, म्हणून मर्यादा मोजता येईल तितकी खाली ठेवली, असा त्याचा अर्थ.

आणि गहू? त्याच युरोपात त्याच काळात गव्हासाठी मर्यादा किलोला २ मिलिग्रॅम होती, म्हणजे द्राक्षाच्या ४० पट. कारण तिथले शेतकरी गहू लोळू नये म्हणून हेच औषध गव्हावर मारतात. इथे जागतिकीकरणाचे टीकाकार बोट ठेवतात, आणि त्यांचं बोट योग्य जागी आहे. मर्यादा फक्त विषशास्त्रातून ठरत नाही, स्थानिक शेतीच्या सवयीतूनही ठरते. ज्याची शेती नियम लिहिणाऱ्याच्या अंगणात आहे त्याची सवय नियमात बसते. दूरच्या शेतकऱ्याची सवय मात्र ‘अमान्य वापर’ ठरते.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. युरोपच्या कायद्यात बाहेरच्या देशांसाठी आयात मालाची वेगळी मर्यादा मागण्याची सोय आहे. शास्त्रीय चाचण्यांची आकडेवारी देऊन कोणीही अर्ज करू शकतो. मात्र त्या चाचण्यांना पैसा लागतो, वर्षं लागतात. सीसीसीसारख्या जुन्या, अनेक कंपन्या बनवत असलेल्या स्वस्त औषधासाठी हा खर्च कोण करणार? कंपनीला त्यातून काही सुटत नाही आणि एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं ते काम नाही. दार उघडं होतं, पण त्यातून आत जाण्याचं तिकीट फार महाग होतं. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या अन्न आणि वनस्पती आरोग्याच्या करारातही हीच अडचण वारंवार दिसते. कागदावर सगळे देश समान असतात, पण पुराव्याचा खर्च सगळ्यांना सारखा पेलत नाही.

नुकसान कोणाच्या पदरात पडलं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि चर्चांमध्ये तोच सर्वांत कमी येतो.

त्या काळी बरीचशी निर्यात कन्साइनमेंटवर चालायची. माल आज जायचा, भाव तिकडे विकल्यावर ठरायचा. वाहतूक, शीतगृह, कमिशन, तिकडची फेरपॅकिंग हे सगळं वजा होऊन जी हिशेबपट्टी यायची, ती शेतकऱ्याची. माल चांगला विकला गेला तर साखळीतल्या प्रत्येकाला त्याचा वाटा आधी मिळायचा. माल अडकला तर वजाबाकी मात्र शेवटच्या माणसापर्यंत चालत यायची. २०१० मध्ये तेच झालं. काही ठिकाणी पट्टीत हातात काही उरलंच नाही. काही निर्यातदारांनी स्वतः कर्ज काढून शेतकऱ्यांचे पैसे भागवले, काही स्वतःच बुडाले.

वेळही वाईट होती. एप्रिल म्हणजे पुढच्या वर्षाच्या खरड छाटणीचा महिना. मजूर, खत, औषध यांचा नवा खर्च दारात उभा असताना मागच्या मालाचे पैसे अडकलेले. बागेला थांबायला सांगता येत नाही. एक छाटणी चुकली की पूर्ण वर्ष गेलं. म्हणून लोकांनी सोसायटीचं कर्ज थकवलं, दुकानदाराची उधारी वाढवली आणि छाटणी केली.

अपेडाच्या आकड्यांनुसार देशाची ताज्या द्राक्षांची निर्यात २००९-१० मध्ये सुमारे १.३१ लाख टन होती, ती २०१०-११ मध्ये सुमारे ९९ हजार टनांवर आली. ही सगळी घट सीसीसीच्या खाती टाकणं अन्यायाचं होईल, कारण हवामानाचाही त्यात हात असतो. पण धक्क्याची खोली त्यावरून कळते.

पुढे काय बदललं

पुढच्याच हंगामापासून सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. संशोधन केंद्राने निर्यातीच्या बागेत ते वापरू नका असं सांगितलं. शेंडा खुडणं, पाणी आणि नत्र कमी करून जोर आवरणं, अशा पर्यायांकडे बागायतदार वळले. जे काम एक फवारणी करायची त्याला आता मजुरी आणि नजर दोन्ही लागू लागल्या. अंश तपासणारी मांजरीची प्रयोगशाळा आणखी सक्षम झाली आणि निर्यातदारांनी माल घेण्याआधी स्वतंत्र तपासण्या सुरू केल्या. काही वर्षांत निर्यात सावरली आणि मग खूप पुढे गेली. २०२३-२४ मध्ये ती सुमारे ३.४४ लाख टन आणि ३,४६० कोटी रुपयांच्या आसपास होती.

दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी याच धक्क्यानंतरच्या काळात मोठी झाली. विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पॅकहाऊस, शीतगृह, तपासणी आणि थेट युरोपातल्या खरेदीदाराशी बोलणी हे सगळं एका छताखाली आणलं. २०२२ मध्ये युरोपातल्या चार गुंतवणूक संस्थांनी तिच्यात ३१० कोटी रुपये गुंतवले. ज्या खंडातून नकार आला होता तिथूनच भांडवल आलं. उदारीकरणाचे समर्थक हे उदाहरण आनंदाने देतात आणि त्यांना तो हक्क आहे. कडक नियमाने इथली शेती सुधारली, हे नाकारणं म्हणजे त्या शेतकऱ्यांच्या कष्टाचाच अपमान होईल.

पण त्या समर्थकांना मी एक प्रश्न नक्की विचारेन. शिकण्याचा खर्च कोणी भरला? ज्यांच्याकडे दुसरी बाग, दुसरं उत्पन्न किंवा ओळखीची बँक होती ते सावरले. दोन एकरवाले काही जण निर्यातीतून कायमचे बाहेर पडले आणि देशी व्यापाऱ्याकडे परत गेले. तिथे अंशांची भीती नाही, पण माल नेऊन पैसे न देता गायब होणारा व्यापारी आहे. नाशिकमध्ये हे दर हंगामाचं दुखणं आहे. सरासरी वाढलेली दिसते, तेव्हा वाटेत गळालेले त्या सरासरीत नसतात.

नियम सरकारी मर्यादेवर थांबलेही नाहीत. ग्रीनपीससारख्या संघटनांनी २००० च्या दशकात जर्मनीतल्या सुपरमार्केटांतली फळं तपासून निकाल जाहीर केले. त्यानंतर काही साखळ्यांनी स्वतःच्या अटी आणल्या. कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी अंश हवा आणि एका नमुन्यात मोजक्याच रसायनांचे अंश चालतील, अशा त्या अटी आहेत. युरोपचा कायदा पाळलेला माल युरोपातलाच दुकानदार नाकारू शकतो, आणि त्याविरुद्ध जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे, दाद मागता येत नाही, कारण ही सरकारची अट नाही, गिऱ्हाइकाची आहे. तिथल्या आईला मुलासाठी स्वच्छ फळ हवं असेल तर तिला दोष कसा द्यायचा? पण त्या जास्तीच्या स्वच्छतेचा जास्तीचा भाव बागेपर्यंत पोचतो का, हे विचारायला हवं. बहुतेक वेळा ती अट भाव वाढवत नाही, फक्त प्रवेश देते.

साखळीतले ज्यांना कोणी विचारलं नाही

द्राक्षबागेतली छाटणी, विरळणी, घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) द्रावणात बुडवणं ही कामं पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून येणाऱ्या टोळ्या करतात. यात मोठ्या संख्येने आदिवासी स्त्रिया आहेत. निर्यातीमुळे त्यांच्या कामाचे दिवस वाढले, कुशल कामाची मजुरीही वाढली. ग्लोबलगॅप या परदेशी खरेदीदार मागतात त्या शेतीपद्धतीच्या प्रमाणपत्रासाठी बागेजवळ शौचालय, हात धुण्याची सोय आणि फवारणाऱ्याला संरक्षक कपडे लागतात. तपासनीस येतो म्हणून का होईना, काही बागांत बायांसाठी पहिल्यांदा आडोशाची सोय झाली. जे आपल्या कामगार कायद्यांनी करायला हवं होतं ते परदेशी दुकानदाराच्या प्रमाणपत्राने केलं, हे मान्य करताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे. त्याच वेळी निर्यातीचा भाव वाढला म्हणून एकरी ठेका वाढत नाही आणि माल अडकला की पहिली उधारी मजुरांचीच राहते.

आणि आपण, खाणारे? निर्यातीच्या बागेतला नमुना काढणीआधी तपासला जातो. बाजार समितीत येणाऱ्या क्रेटला अशी प्लॉटनिहाय तपासणी नाही. नाशिकच्या, पुण्याच्या, नागपूरच्या मुलाला रॉटरडॅमच्या मुलाइतकं तपासलेलं द्राक्ष मिळू नये, याचं समर्थन मला कुठल्याच विचारसरणीत सापडत नाही. प्रयोगशाळा इथे आहेत, माणसं तयार आहेत, पद्धत २० वर्षांची आहे. जागतिकीकरणाने आणलेली ही चांगली गोष्ट आपण घरी वापरत नाही, याला ब्रुसेल्स जबाबदार नाही.

फक्त युरोपच जग नव्हे

युरोपला नावं ठेवून दुसरीकडे वळणाऱ्यांनाही वाट सरळ मिळालेली नाही. बांगलादेश नाशिकच्या द्राक्षाचं मोठं गिऱ्हाईक. तिथे अंशांची कटकट कमी, ट्रकने माल जातो. पण त्या सरकारने द्राक्षावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि किलोमागचा फायदा आटला. युरोपात चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांना त्यांच्या व्यापार करारांमुळे शुल्काची सवलत, तर आपल्या द्राक्षावर वर्षानुवर्षं ८ टक्क्यांच्या आसपास शुल्क. डिसेंबर २०२३ पासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला.

निफाडचा द्राक्षवाला बऱ्याचदा कांदाही लावतो. त्याच डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये ती उघडली, तीही ४० टक्के शुल्कासह. त्या शेतकऱ्याला ‘जागतिक बाजारापेक्षा आपलं सरकार बरं’ असं सांगून बघा. परदेशी नियमाने त्याची द्राक्षं अडकली, देशी नियमाने कांदा अडकला, आणि दोन्ही वेळा त्याला कोणी आधी विचारलं नाही. जग उघडं असावं की बंद, या वादात त्याचा खरा प्रश्न मावत नाही. निर्णय होताना आपण खोलीत असू का आणि निर्णयाची किंमत एकट्याने भरावी लागेल का, हे त्याला कळायला हवं असतं.

आता पुढची लढाई वाणांची आहे. आपला थॉमसन सीडलेस जुना झाला. परदेशी खरेदीदाराला मोठ्या, कुरकुरीत मण्याचे, रंगीत, पावसात कमी तडकणारे नवे वाण हवे आहेत. ते बहुतेक खासगी कंपन्यांच्या मालकीचे, रोपामागे रॉयल्टी घेणारे, करार केलेल्यांनाच मिळणारे. इस्रायली कंपनीचे ‘आरा’ वाण सह्याद्रीने असेच करार करून आणले आहेत. पेरूने अशाच वाणांच्या जोरावर झेप घेतली. संस्थेत असलेल्या लहान शेतकऱ्याला ते मिळतील, बाहेर असलेल्याला मिळणं अवघड आहे. सरकारी संशोधन केंद्रांनी स्वतःचे तुल्यबळ वाण वेगाने आणले नाहीत, तर ०.०५ मिलिग्रॅमसारखीच अडवणूक उद्या रोपवाटिकेच्या दारातच होईल.

२०१० नंतर मला सगळ्यात कमी सुधारलेली वाटते ती हिशेबपट्टी. किमान हमी भावाचे करार वाढले आहेत, पण पाठवलेल्या मालात नव्याने यादीत आलेलं रसायन सापडलं तर नुकसान कोणी किती सोसायचं, हे आजही बऱ्याच करारांत लिहिलेलं नसतं. निर्यातदार, आयातदार, तपासणारी प्रयोगशाळा आणि यादी ठरवणारी सरकारी यंत्रणा यांचा वाटा आधीच ठरवून छाटणीच्या वेळेलाच तो कराराच्या कागदावर यायला हवा. पीक विमा गारपीट आणि अवकाळी पाऊस धरतो, नियम बदलल्यामुळे नाकारलेला माल धरत नाही. बागायतदार संघाने अपेडापुढे पहिली मागणी हीच ठेवावी, आणि ती ऑक्टोबरच्या छाटणीआधी ठेवावी.